हेमलकसा : पोरक्या पिलांचे आजोळ

रायपूरची पंडरी म्हणजे कापडाची पेठ. लग्नसराईत इथे साड्या, धोतरे आणि आहेराचे कापड घ्यायला छत्तीसगडच्या गावोगावची माणसे येतात, आणि गल्ल्यांतून चालायलाही जागा उरत नाही. कित्येक वर्षे शहराचे मोठे बसस्थानकही पंडरीतच होते. २०२१ मध्ये ते भाठागावला हलले. रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही पेठ घरच्यासारखी. पण खरेदी आटोपून गाठोडी बांधणाऱ्या किती जणांच्या ध्यानात असते की, रायपूरहून निघणारे दोन रस्ते अशा दोन जंगलांत जातात, जिथे आईवेगळ्या झालेल्या वन्य पिलांना माणसाने हात दिला आहे?

एक रस्ता कवर्ध्यावरून, चिल्पी घाट चढून कान्ह्याच्या साल वनांकडे जातो. दुसरा राजनांदगाव, मानपूर अशी गावे मागे टाकत महाराष्ट्रात शिरतो, मुरुमगाव, धानोऱ्यावरून गडचिरोली गाठतो आणि आलापल्लीच्या सागवनातून थेट भामरागडला पोचतो. या दुसऱ्या रस्त्याच्या टोकाशी हेमलकसा आहे. मराठी माणसाने नाव ऐकलेले, पण पाहिलेले मात्र थोड्यांनीच.

तीन नद्यांच्या काठी

आलापल्ली सोडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंचच उंच साग सुरू होतात. इथल्या जुन्या सागवनाचा एक तुकडा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने ओळखला जातो, आणि २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. इथून भामरागड साधारण ६५ किलोमीटर. वाटेत मोजकी गावे लागतात. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली अंगणे, अंगणात वाळत घातलेली मोहाची फुले. भामरागडपाशी पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्या इंद्रावतीला मिळतात. इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड, आणि त्या बाजूला अबुझमाडचे डोंगर. नकाशावर सीमारेषा आहे खरी, पण माडिया गोंडांची सोयरीक दोन्ही काठांवर आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो, तो कधी कधी दिवसचे दिवस.

भामरागडच्या अलीकडे, अवघ्या तीन किलोमीटरवर हेमलकसा. १९७३ सालच्या २३ डिसेंबरला बाबा आमटे यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. कुष्ठरुग्णांसाठी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे करणाऱ्या बाबांना या दूरच्या माडियांची ओढ लागली होती. काम अंगावर घेतले त्यांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी यांनी. दोघेही नागपुरात शिकलेले डॉक्टर. शहरात दवाखाना थाटून सुखाने राहता आले असते. त्याऐवजी त्यांनी झोपडीत संसार मांडला. वीज नाही, रस्ता नाही, भाषा येत नाही. माणसे तर परक्याला पाहून रानात पळून जायची. अंगावर पुरेसे कापड नसलेल्या माणसांत आपण शर्ट-पँट घालून कसे वावरावे, असे वाटून डॉ. प्रकाश यांनी अर्धी विजार आणि बनियन हाच वेष धरला. तो आजतागायत सोडलेला नाही.

दवाखान्याची, शाळेची ही कथा आता सर्वांना ठाऊक आहे. २००८ मध्ये आमटे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१४ मध्ये चित्रपटही निघाला. पण दवाखान्याच्या शेजारीच एक दुसरे कुटुंब वाढत गेले. चार पायांचे, पंखांचे, सरपटणारे. त्याची सुरुवात एका माकडीपासून झाली.

बबली

माडियांचे जगणे रानावर चालते. मोह, तेंदू, कंदमुळे, नदीतले मासे, डोंगरउतारावरची पेंडा शेती आणि शिकार. शिकार हौसेसाठी नव्हे, चुलीसाठी. घरात धान्य चार महिने पुरते आणि वर्षाला महिने बारा. मग पाखरू, घोरपड, माकड, जे बाणाच्या टप्प्यात येईल ते पोटात जाते. याला क्रौर्य म्हणणे सोपे आहे. पण भरल्या ताटावर बसून म्हणावे, हे बरे नव्हे.

सुरुवातीच्या दिवसांत डॉक्टर रानवाटेने चालले असता काही माडिया शिकारीहून परतताना दिसले. काठीला मेलेली माकडीण बांधलेली होती, आणि तिच्या छातीला एक जिवंत पिलू चिकटले होते. आई गेल्याचे त्याला कळलेच नव्हते. ते दूध शोधत होते. डॉक्टरांनी त्या पिलाचे काय करणार, असे विचारले. उत्तर सरळ होते: खाणार. डॉक्टरांनी पिलू मागून घेतले आणि बदल्यात धान्य दिले. पिलू घरी आले आणि त्याचे नाव पडले बबली.

बबली जगली. ती खांद्यावर बसू लागली, अंगणात हुंदडू लागली. आजूबाजूच्या पाड्यांवर बातमी पसरली की, हा डॉक्टर मेलेल्या जनावराच्या पिलासाठी तांदूळ देतो. पुढे डॉक्टरांनी गावोगाव सांगितले: शिकार तुमच्या पोटासाठी आहे, ती मी थांबवू शकत नाही, पण पिलू जिवंत सापडले तर मारू नका, इकडे आणा, धान्य घ्या, कपडे घ्या. हा सौदा माडियांना पटला, कारण मूठभर मांसापेक्षा पायलीभर तांदूळ केव्हाही भला.

मग येणाऱ्यांची रांग लागली. बिबट्याची बछडी आली, अस्वलाची पिले आली, तरस, कोल्हे, साळिंदर, हरणे, नीलगायी, मोर, मगरी, साप आले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरूही आला. ‘नेगल’ नावाच्या बिबट्याची आणि त्याच्या सोबत्यांची हकीकत, याच प्रकल्पात आयुष्य घालवलेल्या विलास मनोहर यांनी त्याच नावाच्या पुस्तकात लिहिली आहे. एकीकडे रुग्णांचे टाके घालायचे, दुसरीकडे बछड्याला बाटलीने दूध पाजायचे, असा तो संसार होता. हळूहळू या जागेला प्राण्यांचे अनाथालय असे नाव पडले. पाहुण्यांना नवल वाटे ते बिबट्या आणि डॉक्टर यांच्या मैत्रीचे. माडियांना मात्र वेगळेच नवल वाटत असावे. ज्याला आपण शिजवतो, त्याला हा माणूस मांडीवर घेतो.

या सौद्याचा खरा लाभ कोणता? काही पिले वाचली, हा एक. दुसरा अधिक मोलाचा. प्रकल्पाच्या आश्रमशाळेत शिकणारी माडिया मुले रोज या प्राण्यांच्या शेजारी वाढली. बाणाच्या टोकावरून दिसणारे जनावर आणि आपल्या हातून पाला खाणारे जनावर, यांत फार अंतर असते. ते अंतर शाळेतल्या धड्याने कमी होत नाही, सहवासाने होते. जिथे धान्य आले, भाजीपाला पिकू लागला, शिक्षण आले, तिथे शिकारीची गरजही कमी झाली. प्राणी वाचवायचा तर आधी त्याच्या शेजारच्या माणसाची चूल पेटली पाहिजे, हे हेमलकशाने दाखवले.

माया पुरेशी नसते

अनाथ पिलू सांभाळणे म्हणजे मांजरीचे पिलू पाळण्यासारखे काम नव्हे. प्रत्येक जातीचे बाळपण वेगळे. माकडाच्या पिलाला दुधाइतकीच घट्ट धरायला छाती लागते. ती मिळाली नाही तर ते खंगते. आपल्याकडच्या अस्वलाची पिले आईच्या पाठीवर बसून फिरतात. आईवाचून ती धरायला दुसरी पाठ शोधतात. बिबट्याचे बछडे साधारण दीड-दोन वर्षे आईच्या मागे फिरून शिकार शिकते: कुठे दबा धरायचा, गळा कुठे पकडायचा, कोणत्या वासापासून पळायचे. हे शिक्षण बाटलीतून देता येत नाही.

आणि इथेच मायेचा पेच सुरू होतो. पिलू जगावे म्हणून त्याला जवळ घ्यावे लागते. पण जितके जवळ घ्यावे, तितकी त्याची माणसाची भीती जाते. माणसाची भीती हीच तर रानातल्या जनावराची ढाल. ती गेलेला बिबट्या रानात सोडला, तर तो भूक लागताच गावाकडे येणार, आणि मग एक तर तो कुणाला तरी इजा करणार, नाही तर लोक त्याला मारणार. म्हणूनच हेमलकशाला आलेली अनेक जनावरे तिथेच राहिली, तिथेच म्हातारी झाली. तो तुरुंग नव्हे, पण रानही नव्हे. ते आजोळ आहे. आईच्या घरी परत जाण्याची वाट बंद झालेल्यांचे.

कायद्याची बाजूही विसरून चालणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातला प्राणी घरी पाळणे गुन्हा आहे. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि प्राण्यांच्या पिंजऱ्यांचे आकार, आहार, पशुवैद्य, पाहुण्यांपासूनचे अंतर, या साऱ्यांचे नियम आले. त्याबरोबर हेमलकशालाही बदलावे लागले. पूर्वीचे मोकळेढाकळे अंगण जाऊन बंदिस्त आवार आले. जुनी छायाचित्रे पाहून ‘आम्हालाही बिबट्याला हात लावू द्या’ म्हणणाऱ्या पाहुण्यांचा हिरमोड होतो. व्हावाच. त्या छायाचित्रांत दिसणारी जवळीक ही वर्षानुवर्षांच्या सहवासाची कमाई होती, जत्रेतली गंमत नव्हे.

गंमत म्हणून जनावर जवळ आणले की काय होते, हे आपल्या आजोबांच्या पिढीने दारात पाहिले आहे. दरवेशी अस्वल घेऊन गल्लीत यायचा, डमरू वाजवायचा, आणि पोरे टाळ्या पिटायची. त्या अस्वलाच्या नाकातली दोरी सर्वांना दिसे. मात्र ते पिलू असताना त्याच्यासाठी बहुधा त्याची आई मारली गेली होती, हे कुणाला दिसत नसे. प्राणिप्रेमी संस्थांनी दरवेशी कुटुंबांना दुसरा रोजगार दिला, मुलांना शाळेत घातले, आणि २००९ मध्ये देशातले शेवटचे नाचते अस्वल सोडवले गेले. इथेही गोष्ट तीच. माणसाच्या पोटाची सोय झाली, तेव्हाच जनावराची दोरी सुटली.

कान्ह्याच्या दोन बहिणी

मग पोरके पिलू कधीच रानात परत जात नाही काय? जाते, पण त्याची किंमत वेगळी मोजावी लागते. त्यासाठी रायपूरहून निघणारा पहिला रस्ता धरावा लागतो. चिल्पी घाटापलीकडे कान्ह्याचे मुक्की प्रवेशद्वार आहे. त्या भागात घोरेला नावाच्या ठिकाणी वनखात्याने मोठे कुंपण घालून एक बंदिस्त रान केले आहे. २००५ मध्ये आई गमावलेल्या वाघिणीच्या दोन मादी बछड्यांना तिथे वाढवण्यात आले. दूध, औषध, मांस सारे दिले. पण एक गोष्ट कटाक्षाने टाळली. माणसाचा सहवास. बछड्या वाढल्या तशी त्यांच्या आवारात जिवंत चितळे सोडली जाऊ लागली. पहिल्यांदा फसल्या असतील, पुन्हा धावल्या असतील. आईने शिकवायचे ते भुकेने शिकवले.

त्याच सुमारास मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पात शिकारीमुळे एकही वाघ उरला नव्हता. २००९ पासून तिथे बाहेरून वाघ आणून सोडले जात होते. कान्ह्याच्या या दोघी बहिणी २०११ मध्ये पन्न्याला नेल्या, एक मार्चमध्ये आणि दुसरी नोव्हेंबरमध्ये. गळ्यात रेडिओ पट्टा बांधून त्यांना रानात सोडले. तज्ज्ञांच्या मनात धाकधूक होती. माणसाच्या छायेत वाढलेली वाघीण रानात टिकेल? पहिली, जिला टी-४ म्हणत, ती टिकली, तिने जोडीदार मिळवला आणि त्याच वर्षी तिला पिले झाली. ओसाड पडलेल्या पन्न्यात पुन्हा वाघ नांदू लागले, त्यात या पोरक्या मुलींचाही वाटा आहे.

हेमलकसा आणि घोरेला यांत कोण बरोबर, असा प्रश्न विचारणे गैर आहे. एकाकडे चौकट होती, पैसा होता, तीस-पस्तीस वर्षांनंतरचे शास्त्र होते. दुसऱ्याकडे काठीला बांधलेली माकडीण होती आणि क्षणात घ्यायचा निर्णय होता.

उसातली ‘अनाथ’ बछडी

तिसरी गोष्ट पुणे जिल्ह्यातली, आणि ती वाचकांपैकी कित्येकांच्या शिवारात घडू शकते. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसाच्या दाट पाल्यात बिबट्यांनी संसार थाटले. मादीला पिले घालायला याहून आडोशाची जागा कोणती? ऊसतोडणी सुरू झाली की कोयत्याखाली पाचट बाजूला होते आणि मांजराएवढी दोन-तीन बछडी दिसतात. आई जवळपास नसते. माणसांची चाहूल लागताच ती बाजूला सरलेली असते. मजुरांना वाटते, पिले टाकून गेली.

पूर्वी अशी पिले उचलून नेली जात, आणि ती जन्मभर पिंजऱ्यात राहत. बछडी नाहीशी झाल्याने पिसाळलेली मादी त्याच शिवारात घिरट्या घालत राही. त्यात माणसालाही धोका वाढे. आता जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राचे पथक आणि वनखाते निराळा मार्ग धरतात. पिलांची तपासणी होते, गोचिड्या काढतात, ओळखीसाठी कातडीखाली तांदळाएवढी चिप बसवतात. संध्याकाळी त्यांना झाकण सैल असलेल्या टोपल्यात किंवा खोक्यात घालून, सापडली तिथेच ठेवतात. आसपासची माणसे दूर केली जातात, जवळ कॅमेरा लावतात. अंधार पडला की मादी येते, हुंगते, पंजाने खोके उलटे करते आणि एकेका पिलाला मानेला धरून घेऊन जाते. कधी त्याच रात्री, कधी दोन-तीन रात्रींनी.

माणसाचा हात लागला की आई पिलू टाकते, ही आपल्याकडची समजूत या कॅमेऱ्यांनी खोटी ठरवली. पण शेतकऱ्याची भीती मात्र खोटी नाही. या भागात बिबट्यांनी माणसे मारली आहेत, लहान मुलेही. ज्या घरात असे दुःख आले, त्याला प्राणिप्रेमाचे धडे देण्याचा अधिकार कुणालाच नाही. तरीही रात्री खोक्यापासून दूर उभे राहून मादीची वाट पाहणाऱ्यांत त्याच गावची माणसे असतात. पिले परत गेली तर मादी शांत होईल, हा त्यातला हिशेब आहे. हिशेबाच्या आड थोडी करुणाही असते, पण गावाकडची माणसे ती बोलून दाखवत नाहीत.

आपल्याला पिलू सापडले तर?

खेड्यात असो वा शहरात, असा प्रसंग कुणावरही येतो. तेव्हा काही गोष्टी ध्यानात असाव्यात. हरणाचे पाडस गवतात एकटे बसलेले दिसले, तर ते बहुतेक वेळा पोरके नसते. आई चरायला जाते आणि पाडसाला दडवून ठेवते. वास नसलेले, निश्चल बसलेले पाडस शत्रूला सापडत नाही. त्याला उचलणे म्हणजे त्याची आई हिरावणे. उडायला शिकणारे पाखराचे पिलू जमिनीवर दिसले, तर कुत्र्या-मांजरांपासून जपून जवळच्या फांदीवर ठेवावे. आई-बाप चारा घेऊन येतात. पिलू जखमी असेल किंवा आई मेलेली डोळ्यांनी दिसत असेल, तरच हस्तक्षेप करावा. तोही इतकाच: उबदार, अंधाऱ्या, हवा खेळत्या खोक्यात ठेवायचे आणि वनखात्याला कळवायचे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. गाईचे दूध पाजू नये. अनेक पिलांना ते पचत नाही, आणि चुकीच्या पद्धतीने पाजले तर फुप्फुसात जाऊन जीव जातो. गर्दी करू नये, छायाचित्रांसाठी हातोहात फिरवू नये. लहान मुलांना मात्र दुरून जरूर दाखवावे. जवळ न घेताही माया करता येते, हे त्यांना त्याच वेळी कळते.

कसे जाल?

हेमलकसा नागपूरहून साधारण सव्वातीनशे किलोमीटर आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी बल्लारशा किंवा चंद्रपूरला उतरून आलापल्लीमार्गे जावे. रायपूरकडून येणाऱ्यांना राजनांदगाव, मानपूर, धानोरा, गडचिरोली असा रस्ता आहे. तो जंगलाचा असल्याने दिवसाउजेडीच पार करावा. हा प्रदेश अनेक वर्षे नक्षलवादी चळवळीच्या बातम्यांत राहिला. वाटेत पोलिसांनी चौकशी केली तर गांगरू नये. पावसाळा टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे, आणि प्रकल्पाला आधी कळवून जावे. ते पर्यटनस्थळ नसून चालते रुग्णालय आणि शाळा आहे, हे लक्षात ठेवावे. प्राणी पाहून झाले की रुग्णालयाच्या आवारातही डोकवावे. दूरच्या पाड्यांवरून चालत आलेली माडिया माणसे तिथे झाडाखाली चूल मांडून बसलेली असतात. त्यांच्यातल्याच कुणाच्या बापाने किंवा आजाने एकेकाळी बाण खाली ठेवून पिलू डॉक्टरांच्या हाती दिले होते. या अनाथालयाची पहिली वीट त्यांचीही आहे.